साक्षीला देओलिंदा

"आधी तू," कर्नल वुकाशिन म्हणाले.

देओलिंदाने चमचाभर सूप गिळलं आणि तोंड उघडून दाखवलं. लिस्बनजवळच्या समुद्रकाठच्या त्या बंगल्यात स्वयंपाकाला लागल्यापासून, गेली पाच वर्षं, हे रोजचंच होतं. कर्नलनी घड्याळ लावून पाच मिनिटं जाऊ दिली, मगच वाडगा युवराज लुबोमिरपुढे सरकवला.

"कर्नल, हे असं गार सूप पिऊनच मरेन मी एक दिवस," लुबोमिर हसत म्हणाला; पण चमचा त्याने तसाच खाली ठेवला. "आज नको. पोटात कसंतरीच होतंय."

कर्नलची नजर वाडग्यावरून देओलिंदाकडे गेली आणि तिथेच थांबली.

लुबोमिर सहा वर्षांचा असताना डोंगरातलं त्यांचं राज्य गेलं. त्याच्या वडिलांना राजवाड्यातच विष घातलं गेलं, तेही घरच्याच माणसाकडून. लेकराला पाठीवर बांधून कर्नलनी सरहद्द ओलांडली, ती माणसांवरचा विश्वास मागे टाकूनच. आलेली पत्रं ते उजेडात धरून बघत. माळी दर सहा महिन्यांनी बदलत. येत्या रविवारी युवराजाला अठरा वर्षं पूर्ण होणार होती. देशोधडीला लागलेली त्यांची माणसं जमून त्याला राजेपदाची शपथ देणार होती. घात व्हायचा तर तो त्याआधीच, हे कर्नलच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

खुद्द लुबोमिरला शपथेची धास्ती होती. मासे साफ करणाऱ्या देओलिंदाजवळ तो मागच्याच आठवड्यात येऊन बसला होता.

"मला तिथली नदीसुद्धा आठवत नाही गं. शपथ कशाच्या जोरावर घेऊ?"

"मग नाही म्हणा की!"

"आईला सांगणार कोण? तू?"

सूप नाकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, बुधवारी सकाळी, तो पोट धरून लोळायला लागला. कर्नलनी स्वयंपाकघराला कुलूप घातलं, देओलिंदाची पेटी जमिनीवर उलटी केली. खोकल्याच्या औषधाची बाटली निघाली. ती हुंगून त्यांनी खिशात टाकली.

"कुणी पाठवलंय तुला?"

"सूप आधी मी प्यायले ना? विष असतं तर अशी धडधाकट उभी राहिले असते का?"

"सावकाश भिनणारी विषंही असतात."

त्यांना डावलून ती थेट लुबोमिरच्या आईकडे, राणीसाहेबांकडे गेली. "बाईसाहेब, उजवीकडे खाली दुखतंय त्यांना. माझा दीर असाच गेला, भर समुद्रात, होडीत. आत काहीतरी फुटतं. गावातल्या डॉक्टर सेराफिमना आत्ताच्या आत्ता बोलवा."

"तो सेराफिम शत्रूच्या वकिलातीत जातो औषधं द्यायला," कर्नल मागून म्हणाले. "पॅरिसहून आपले डॉक्टर निघालेत. उद्या दुपारी पोचतील."

राणीसाहेबांनी दोघांकडे पाहिलं. बारा वर्षं त्यांनी कर्नलच्या शब्दावर काढली होती. "उद्यापर्यंत थांबू," त्या म्हणाल्या. देओलिंदाकडे मात्र त्यांना बघवलं नाही.

देओलिंदाने एप्रन काढून ठेवला आणि तडक गावात जाऊन सेराफिमना घेऊन आली. कर्नलनी फाटकातच त्यांची बॅग उचकली आणि त्यांना परत फिरवलं.

"पोरगं हातचं जाईल, म्हाताऱ्या!" डॉक्टर ओरडले. "कुणाच्या माथी हे पाप?"

"तुमच्या हाती दिला तर माझ्याच माथी."

गुरुवारी सकाळी दुखणं एकाएकी थांबलं. "उतरलं विष!" कर्नल म्हणाले. लुबोमिरही उशीला टेकून बसला. "बरं वाटतंय गं, देओलिंदा." देओलिंदाच्या दिरालाही मरायच्या आदल्या दिवशी असंच बरं वाटलं होतं.

दुपारी अंग तापाने फणफणलं, पोट फळीसारखं कडक झालं. पॅरिसची गाडी उशिरा होती. राणीसाहेब अनवाणीच फाटकापर्यंत धावल्या, कर्नलच्या हातातून फाटकाची किल्ली हिसकावली आणि स्वतः डॉक्टर सेराफिमना घेऊन आल्या. इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. तोवर अपेंडिक्स फुटून पू पोटभर पसरला होता. शपथेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, लुबोमिर गेला.

सूप आणि औषधाची बाटली कर्नलनी दोन ठिकाणी तपासून घेतली. कशातच काही निघालं नाही.

सोमवारी कर्नल मृत्यूची नोंद करायला गेले, तर कारकुनाने त्यांचा पासपोर्ट उलटसुलट करून परत दिला. "हा देश आता नाहीये, साहेब. तुमची सही चालायची नाही, राणीसाहेबांचीही नाही. साक्षीला इथला नागरिक आणा."

बंगल्यात इथली एकटी देओलिंदाच. कर्नलनी तिला बोलावून आणलं.

"मृताला तुम्ही ओळखत होतात?" कारकुनाने विचारलं.

"हो."

"मृत्यूचं कारण? कुणावर संशय?"

देओलिंदाने कर्नलकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "पोटाचं दुखणं," ती म्हणाली. "संशय कुणावर नाही."

"व्यवसाय?"

"राजे..." कर्नल म्हणू लागले.

"अठराचासुद्धा नव्हता हो झाला," देओलिंदा म्हणाली. "अजून कुणीच झाला नव्हता."

कारकुनाने त्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली आणि शाईची गादी पुढे केली. तिने अंगठा उठवला. काळा झालेला अंगठा कुठे पुसावा, ते तिला कळेना. कर्नलनी खिशातून राजमुद्रेचं भरतकाम असलेला पांढरा रुमाल काढला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"घ्या, बाई," ते म्हणाले.