पेटीतली चिठ्ठी

बालगृहाच्या तक्रारपेटीत चिठ्ठी निघाली: "धाकटीला कोठीत कोंडतात." पेटीची किल्ली खरं तर बाहेरच्या समितीकडे असायला हवी, पण इथे ती अधीक्षकांच्याच खिशात होती.

त्यांनी सगळ्या मुलींना बसवून एकच वाक्य लिहायला लावलं, "मी इथे सुखात आहे," आणि अक्षर ताडून पाहिलं. एकीचंही जुळेना.

दारात उभ्या स्वयंपाकीण मावशी मागच्या मागे सरकल्या. त्यांना साठीत अक्षरं याच पोरींनी शिकवली होती.

"मावशी, अंगठा सोडून हल्ली सही करता म्हणे?" अधीक्षक हसले. "या, बसा पोरींच्या रांगेत."

मावशींनी पेन्सिल घेतली. तेवढ्यात कोठीच्या दारावर आतून धाकटीची थाप आली. मावशींनी सुखाचं वाक्य सोडलं आणि चिठ्ठीतलंच वाक्य पुन्हा लिहिलं, ठळक अक्षरात.

अधीक्षकांनी ते वाचलं, उठून शांतपणे खोलीच्या दाराला आतून कडी लावली.