सांगितलेलं करतो

सिस्टरनं पेशंटच्या खांद्याचा स्नायू चिमटीत धरून दाबला. पेशंटच्या कपाळावर आठी पडली. डावा हात उठला, थेट तिच्या मनगटापर्यंत आला आणि त्यानं तिचा हात बाजूला ढकलला.

"दुखतंय तिथं हात नेतात. पाच," ती म्हणाली आणि तिनं तक्त्यात पाच लिहिले.

पलीकडे उभी असलेली बायको स्वतःचाच खांदा चोळत होती. बावीस दिवस ती हे बघत होती आणि दर वेळी चिमटा तिलाच बसत होता. तक्ता आता तिलाही पाठ झाला होता. डोळे आपणहून उघडतात, चारपैकी चार. बोलणं म्हणजे नुसतं कण्हणं, पाचपैकी दोन. हालचाल सहापैकी पाच. सहाव्यासमोर छापलेलं होतं, 'सांगितलेलं करतो'. तेवढंच होत नव्हतं.

आणि घोडं तिथंच अडलं होतं. वरच्या मजल्यावर अशा पेशंटना पुन्हा बसायला, गिळायला, चालायला शिकवणारा विभाग होता. तिथली एक खाट सकाळीच रिकामी झाली होती. पण सांगितलेलं करत नाही त्याला शिकवणार काय, असा त्यांचा रोकडा हिशोब होता. चार वाजता डॉक्टर येऊन ठरवणार होते. सहा मिळाले तर वर, नाहीतर नाकातल्या नळीसकट घरी. नळीतून पेज कशी घालायची हे बायकोला कालच शिकवून झालं होतं, आणि ते कशासाठी शिकवलं हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती.

"काका, माझा हात दाबा," सिस्टर म्हणाली. पेशंट तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "जीभ दाखवा. बरं, डोळे मिटा." तो बघतच राहिला.

पहिल्या आठवड्यात बायको म्हणाली होती, "सिस्टर, तुमचे आत्ताशी चार दिवस झालेत. मी एकतीस वर्षं सांगतेय." सगळे हसले होते, तीही हसली होती, आणि मग तोंड धुवायला म्हणून गेली ती बराच वेळ परत आली नव्हती.

ते माझा हात दाबतात, असंही तिनं एकदा सांगून पाहिलं होतं. सिस्टरनं समजावलं की बोट दिलं तर तान्हं बाळही धरतं. धरण्याला मार्क नाहीत, सांगितल्यावर सोडण्याला आहेत. "सोडा म्हणा त्यांना." ती सोडा म्हणाली. त्यानं सोडलं नाही. सिस्टर दुष्ट नव्हती. नातेवाइकांना सगळंच हलताना दिसतं आणि मग खोट्या आशेचे हाल होतात, हे तिनं वीस वर्षं पाहिलं होतं.

तीन वाजता सिग्नलमन आला. पेशंट क्रेनचालक होता आणि हा त्याचा जमिनीवरचा माणूस. एकोणीस वर्षं एकानं उंच केबिनमध्ये बसायचं, दुसऱ्यानं खालून हातानं इशारे द्यायचे. सत्तर मीटरवर आयुष्य काढलेला माणूस बल्ब बदलताना घरातल्या स्टुलावरून पडला, यावर त्याचा अजून विश्वास बसत नव्हता. तो फळं घेऊन आला होता. नळीकडे लक्ष गेल्यावर त्यानं पिशवी हळूच खाटेखाली सरकवली.

"बोला ना त्यांच्याशी काहीतरी," बायको म्हणाली. "बोलत राहा म्हणतात डॉक्टर."

तो अवघडला. "वहिनी, आम्ही बोलत नाही."

खरंच होतं. चहाला सुद्धा दोघं शेजारी बसून गप्प असायचे. तो खाटेच्या पायथ्याशी नुसता उभा राहिला. शेवटी काही सुचेना म्हणून त्यानं हात वर केला, एक बोट आभाळाकडे, आणि गोल फिरवलं. हूक वर घे. काहीच झालं नाही. हूकचा दांडा उजव्या हाताकडे असतो आणि तो हात पडल्या दिवसापासून लुळा होता. सिग्नलमनला ओशाळल्यासारखं झालं. निघता निघता त्यानं हात आडवा करून खिडकीकडे बोट दाखवलं. बूम, म्हणजे क्रेनची लांब भुजा, तिकडे फिरव. तो दांडा डाव्या हाताकडे असतो.

चादरीवर पेशंटची डावी मूठ वळली आणि खिडकीच्या बाजूला कलली.

"घेतोय की," सिग्नलमन म्हणाला. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही.

बायको धावत जाऊन सिस्टरला घेऊन आली. सिस्टरनं सिग्नलमनच्या कानात क्रम सांगितला. खिडकी, दार, दार, खिडकी. मूठ चारही वेळा बरोबर कलली. सिस्टरचे कान तापले. मेंदूच्या डाव्या बाजूला मार, म्हणजे आवाज पोचत असेल, पण शब्दांचा अर्थ लागत नसेल. हे पुस्तकात होतं, तिनं ते विद्यार्थिनींना शिकवलंही होतं.

"बावीस दिवस मी त्यांना तोंडानंच विचारत राहिले," ती म्हणाली. "चुकलं माझं."

डॉक्टर चारला आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सिग्नलमनचे इशारे बघितले आणि मग स्वतः हात आडवा करून खिडकीकडे बोट दाखवलं. पेशंट त्यांच्याकडे बघत राहिला. सिस्टरनं करून पाहिलं. मूठ हलली नाही. ओळखीचा माणूस दिसला की जुनी सवय हलते, असं डॉक्टर म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं.

"साहेब, तो तुमचा इशारा घेणारच नाही," सिग्नलमन म्हणाला. "एका क्रेनला एकच सिग्नलमन. दुसऱ्याचा घेतला तर माणूस मरतो खाली."

"मग मी मानायचं कसं?"

सिग्नलमननं डोकं खाजवलं. "एक इशारा कुणाचाही चालतो. थांब. रस्त्यानं जाणाऱ्यानं दिला तरी आधी थांबायचं, मग का ते विचारायचं." त्यानं हात समोर लांब केला, तळवा जमिनीकडे, आणि आडवा फिरवून दाखवला.

डॉक्टरांनी आजूबाजूला पाहिलं. "ताई, तुम्ही करा. तुमच्या इशाऱ्याची त्यांना सवय नसणार."

"मी?" बायको म्हणाली. "माझं कुठं ऐकतात ते."

सिग्नलमननं खिडकीकडे बोट केलं आणि हात तसाच ठेवला. मूठ कलली आणि कललेलीच राहिली. बायकोनं पदर खोचला. तिनं हात लांब केला, तळवा खाली, आणि आडवा फिरवला.

पेशंटचे डोळे तिच्याकडे वळले. सिग्नलमनचं बोट अजून खिडकीकडेच होतं. मूठ सावकाश मध्यावर परत आली आणि थांबली.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. त्यांनी तिला आणखी दोनदा करायला लावलं. दोन्ही वेळा मूठ मध्यावर आली. मग सिस्टरनं सहा लिहिले. अक्षर तिचं नेहमीसारखं आलं नाही. डॉक्टर वरच्या मजल्यावर फोन लावायला गेले.

"झालं ताई. हात खाली घ्या आता," सिस्टर म्हणाली.

बायकोनं तो अजून खाली घेतला नव्हता. "खाली घेतला तर हे काय करतील?" तिनं सिग्नलमनला विचारलं.

"काही नाही, वहिनी. पुढचं सांगेपर्यंत थांबतो तो."

तिनं हात खाली घेतला. पेशंट थांबला होता आणि तिच्याकडे बघत होता. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तो तिच्या पुढच्या सांगण्याची वाट बघत होता, आणि तिला काय सांगावं ते सुचेना.