‘टेक’ची दोनशे बारा कार्डं

बाबा गेल्याला बावीस दिवस झाले होते, तेव्हा मी टाचणीशी खोटं बोलले.

ती फोनवर म्हणाली, "ताई, 'टेक'चा गठ्ठा तुमच्या घरी राहिलाय. सोमवारी छापखान्याला द्यायचाय."

"बघते," मी म्हणाले. "इथे दिसत तरी नाहीये."

गठ्ठा माझ्यासमोर बाबांच्या टेबलावर होता. नाडीनं बांधलेला, विटेएवढा. बोलताना माझी दोन बोटं त्याच्यावरच होती.

बाबा इंग्रजी-मराठी शब्दकोश करत. आयुष्यभर तेच केलं. पाच खंड छापून झाले होते, सहावा अर्ध्यावर होता आणि त्या सहाव्या खंडात 'टेक' या क्रियापदानं त्यांची शेवटची दोन वर्षं खाल्ली. एवढासा शब्द, पण मराठीत आणायला गेलं की हाताला लागत नाही. इंग्रजीत परीक्षा 'टेक' करतात, आपण ती देतो. फोटो 'टेक' करतात, आपण काढतो. औषध आपणही घेतो, पण वेळ लागतो, बोलणं मनाला लागतं, एखाद्या माणसाचा लळा लागतो. प्रत्येक अर्थाला एक कार्ड. वर इंग्रजी प्रयोग, खाली मराठी प्रतिशब्द, त्याखाली मराठी वाक्य.

वाक्याबद्दल बाबांचा नियम कडक होता. ते बनवायचं नाही. कुणीतरी कुठेतरी खरंच बोललेलं असलं पाहिजे, आणि कार्डाच्या मागे कोण बोललं ते आणि तारीख लिहायची. "बनवलेल्या वाक्याला घाम येत नाही," असं ते म्हणत. त्यामुळे आमच्या घरी कुणी तावातावानं काही बोललं की ते भांडण सोडून खिशात पेन्सिल चाचपायचे. आई वैतागायची. "आधी उत्तर द्या, मग लिहा," म्हणायची. तेही त्यांनी लिहून घेतलं होतं.

टाचणी त्यांच्याकडे अकरा वर्षं होती. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. कॉलेज अर्धवट सोडून आलेली, टायपिंगसाठी ठेवलेली. पहिल्याच आठवड्यात तिनं बाबांच्या तीन कार्डांना टाचणीनं चिठ्ठ्या लावून ती परत पाठवली होती: 'असं कुणी बोलत नाही.' त्या दिवशी बाबा घरी आले ते हसतच. "टाचणी आहे टाचणी," म्हणाले. तेव्हापासून ती टाचणी. मला त्यांनी कधी टोपणनाव दिलं नाही. ते मला पूर्ण नावानं हाक मारत, शब्दकोशात मूळ शब्द ठळक छापतात तशी.

मला तिचा हेवा वाटायचा. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. मी दर बुधवारी आणि रविवारी बाबांकडे जायचे. त्यांची औषधं लावून ठेवायचे, डोळे तपासायचे. माझा धंदाच तो, चष्म्याच्या दुकानात मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून मी लोकांना अक्षरं वाचायला लावते. बाबांचे शेवटचे चार चष्मे मीच करून दिले. आणि चहा पिताना ते सांगायचे, टाचणी काय म्हणाली. टाचणीची शेजारीण काय म्हणाली. टाचणीचा नवरा बसवाल्याशी कसा भांडला. मी ऐकायचे आणि म्हणायचे, "त्यांचं निरीक्षण सूक्ष्म आहे."

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी मला कसलीतरी सही करायला खाली पाठवलं. वर आले तर टाचणी त्यांच्या तोंडाशी कान नेऊन वाकली होती आणि मांडीवर कार्ड धरून लिहीत होती.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"चौऱ्याण्णव नंबर काढून टाक म्हणाले. तो अर्थ सत्तरातच येतो."

मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चष्मा." मी तो पुसून त्यांच्या डोळ्यांवर ठेवला. त्यानंतर ते माझ्याशी काही बोलले नाहीत.

तर तो गठ्ठा. फोन ठेवल्यावर मी नाडी सोडली आणि दोनशे बारा कार्डं उलटी करून फक्त मागची बाजू वाचू लागले. न्हावी. भाजीवाली. समोरचे वकील. आई, सव्वीस वेळा, जुन्या तारखांची. आणि टाचणी. 'टा.', 'टा.', 'टा.', 'टा.ची सासू', 'टा. (रागात)', 'टा. (जेवताना)'. एक्काहत्तर. मी दोनदा मोजली.

मी एकदाही नव्हते.

माझी खूण मला माहीत होती. जुन्या खंडांचे खोके बाबांच्या कपाटावर होते, लहानपणी मी त्यांत हात घालून स्वतःला शोधायचे. 'मु.', म्हणजे मुलगी. 'गिव्ह' या क्रियापदात मी अकरा वेळा आहे. 'मलापण दे ना, सगळं पाहुण्यांनाच का?' मु., वय सहा. 'गो'मध्ये नऊ वेळा. पुढे पुढे मी विरळ होत जाते आणि चौदाव्या वर्षानंतर कुठेच नाही.

त्या संध्याकाळी मी एक कोरं कार्ड घेतलं. बाबांचं अक्षर मला काढता येतं. शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर त्यांची सही मीच करायचे, आणि एकदा बाईंनी त्यांना बोलावून घेतलं तर ते बराच वेळ सही न्याहाळत बसले आणि म्हणाले, "माझीच दिसते." 'टेक आफ्टर' या प्रयोगाला गठ्ठ्यात एक कार्ड होतं, न्हाव्याचं. मी दुसरं केलं. प्रतिशब्द: एखाद्यावर जाणे. वाक्य: 'सगळे म्हणतात, मी बाबांवर गेलेय.' मागे 'मु.' आणि मागच्या वर्षीच्या एका बुधवारची तारीख. ते न्हाव्याच्या कार्डाखाली सरकवलं आणि नाडी बांधली. हे सगळं मी शांतपणे केलं, याची मला आता लाज वाटते.

शनिवारी दुपारी मी कोशाच्या कचेरीत गेले. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एकीत कार्डांची कपाटं, दुसरीत लांब टेबल आणि खिडकीपाशी मुद्रितं तपासणारे काका. त्यांनी मला पाहून चष्मा कपाळावर चढवला.

"सापडला का? ये, ये. 'टेक' संपवल्याशिवाय हलणार नाही म्हणाला होता तुझा बाप. फसवलं आम्हाला."

"काका, गप्प बसा हो," टाचणी म्हणाली.

"का? तो असता तर हसला असता."

"सर असते तर तुम्ही हे बोलला नसतात." ती माझ्याकडे वळली. "बसा ताई. कुठे होता?"

"पुस्तकांच्या मागे पडला होता."

"बरं झालं सापडला," ती म्हणाली आणि क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं नाडी सोडली. मला वाटलं होतं ती गठ्ठा घेईल, आभार मानेल, मी निघेन. पण ती पहिल्या कार्डापासून एकेक उचलून, पुढून-मागून पाहून डावीकडे ठेवू लागली. घाई नव्हती तिला. बाबांच्या खुर्चीवर ती बसली नव्हती, हे मी पाहिलं. ती खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर मुद्रितांचा ढीग ठेवला होता. तरी मला राग आला.

चाळीस-पंचेचाळीस कार्डांनंतर तिचा हात थांबला.

"हे कधीचं?"

"मागे तारीख असेल ना," मी म्हणाले.

"तारीख आहे. ठिपका नाही."

"कसला ठिपका?"

तिनं न्हाव्याचं कार्ड माझ्यापुढे धरलं. उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीचा बारीक ठिपका होता. मी दोन दिवस तो पाहत होते आणि मला ती धूळ वाटली होती. दिवसाला तीसेक माणसांना बारीकात बारीक ओळ वाचायला लावणारी मी.

"सरांनी कार्ड लिहिलं की मी मोठ्यानं वाचायचे," ती म्हणाली. "कानाला खरं लागलं की मी ठिपका द्यायचे. ठिपक्याशिवाय गठ्ठ्यात कार्ड ठेवायचेच नाहीत ते. स्वतःचंसुद्धा."

काकांनी मान खाली घातली आणि ते फारच मन लावून वाचू लागले.

टाचणीनं माझं कार्ड मोठ्यानं वाचलं. "सगळे म्हणतात, मी बाबांवर गेलेय." मग म्हणाली, "वाक्य छान आहे. कोण म्हणालं?"

"मी."

"कुणाला?"

खिडकीखाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं. गाडी नीट लागली का ते मी वाकून बघितलं.

"कुणालाच नाही," मी म्हणाले. "मी केलं ते."

तिनं ओरडायला हवं होतं. निदान तोंड वाकडं करायला हवं होतं. ती नुसती म्हणाली, "मग नाही घेता येणार, ताई," आणि कार्ड उजवीकडच्या खोक्यात टाकलं. खोक्यावर बाबांच्या अक्षरात 'बाद' लिहिलं होतं.

"एका कार्डानं काय बिघडतं?"

"सर मला हेच विचारायचे. मी नाहीच म्हणायचे."

"एवढ्या वर्षांत त्यांना माझं एक वाक्य मिळालं नाही?"

"शोधत होते ते." ती पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता बोलली. "तुम्ही येऊन गेलात की दुसऱ्या दिवशी म्हणायचे, आजही काही मिळालं नाही. फार वाचते ना ती, म्हणायचे. बोलते ते छापूनच येतं. ती तुझं कौतुक करते तेव्हासुद्धा परीक्षण वाचल्यासारखं वाटतं."

मी वाचत गेले ते त्यांच्यासाठी. त्यांच्या कपाटातलं एकेक पुस्तक मी चौदाव्या वर्षापासून संपवत आणलं, म्हणजे ते माझ्याशी बोलतील. हे मी तिला सांगितलं नाही. तिला काय सांगायचं.

"आणि बुधवारी आम्हाला कामच करू द्यायचे नाहीत," ती पुढे म्हणाली. "चार वाजले की उठले. ती येईल, म्हणायचे. अर्धं वाचलेलं कार्ड माझ्या हातात तसंच. मला वाटायचं, एवढं काय आहे तिथे."

हे तिनं मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल. मला बरं वाटलं नाही. एक्काहत्तर कार्डं तिची, शेवटचं वाक्य तिचं, आणि आता माझे बुधवारही तिच्याच तोंडून मला मिळत होते.

"माझ्या बापाची अकरा वर्षं घेतलीस तू," मी म्हणाले. "अकरा! आणि मला एक पुठ्ठ्याचा तुकडा घेऊ देत नाहीस? बाई आहेस का कोण आहेस?"

मी तिला 'तू' म्हणाले होते. मला मागे घ्यायचं होतं, पण तोवर टाचणीचा हात टेबलावरच्या कोऱ्या कार्डांकडे गेला होता. तो आपोआप गेला असणार, कारण पेन्सिल टेकवल्यावर तीही थबकली.

"लिहू?" तिनं विचारलं.

"हे?"

"'हिरावून घेणे' या अर्थाला वर्तमानपत्रातलं वाक्य आहे एक. मेलेलं आहे. सरांना ते नकोच होतं."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना. आरोप खोटा आहे. मी घेतली नाहीत, त्यांनी दिली." तिचा आवाज जरा चिरकला. "पण बोललात ते खरं बोललात. ते मला सोडवत नाही. त्यांनी सवयच लावलीय तशी."

"'बाई आहेस का' ते काढा," काका खिडकीपाशी बसूनच म्हणाले. "लांबण लागते."

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"लिहा," मी म्हणाले. "अकरा एकदाच. दोनदा नको."

"दोनदाच बोललात तुम्ही," टाचणी म्हणाली, आणि दोनदाच लिहिलं. मग सपाट आवाजात, सुरात न म्हणता, ते सगळं मला वाचून दाखवलं. माझं बोलणं तिच्या तोंडून ऐकताना माझे कान तापले. तिनं कोपऱ्यात ठिपका दिला. कार्ड उलटं केलं.

"मागे काय लिहू? 'मु.' सर लिहायचे. ते त्यांच्याकडून झालं. माझ्याकडून तुम्ही मुलगी कशा?"

मी म्हणाले, "कोश त्यांचाच आहे ना. त्यांच्याकडूनच लिहा."

तिनं 'मु.' लिहिलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून तारीख घातली.

मी उठले नाही. उरलेली कार्डं ती पाहत होती आणि मी समोर बसून पाहत होते ती कशी पाहते ते. दीडशेच्या पुढे कुठेतरी, तिच्याच खुणेच्या एका कार्डावर, ती एकदम हसली. तोंडावर हात ठेवून, मनापासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "आमचं आपलं एक होतं." आणि कार्ड डावीकडे ठेवून पुढचं उचललं.