पाच सामने आणि बानाबाई

रत्नमालाला गोल सांभाळायला लागून सहा वर्षं झाली होती आणि तिच्या आईनं, बानाबाईनं, तिचा एकही सामना पाहिला नव्हता. यात आईचा दोष नव्हता, लेकीचाही नव्हता. दोष द्यायचाच तर कॅलेंडरला द्यावा. महिलांची फुटबॉल लीग चालायची फेब्रुवारी ते मे. आणि पाचोडजवळच्या वस्तीवरचं हे मेंढपाळाचं घर दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून खानदेशाकडं निघायचं, ते मृगाच्या पावसालाच परतायचं. लेक शहरात गोलपोस्टमध्ये उभी आणि आई कुठल्या तरी परक्या शेतात खतासाठी मेंढरं बसवतेय, असं सहा वर्षं चाललं.

यंदा मात्र लीगवाल्यांना एकदाचं ऊन लागलं. एप्रिलात दोन पोरी मैदानावर चक्कर येऊन पडल्या, तेव्हा ठरलं की यापुढं हंगाम डिसेंबरात सुरू करायचा. मधला काळ अगदीच कोरडा जाऊ नये म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात पाच सामन्यांचा छोटा हंगाम उरकून घ्यायचा. चषक नाही, वरच्या गटात जाणं नाही, खालच्या गटात घसरणं नाही. मोठ्या संघांनी तर सरळ शाळकरी मुली पाठवून दिल्या. रत्नमालाच्या संघाची कप्तान श्रेया म्हणाली, हा हंगाम म्हणजे लग्नातले उरलेले लाडू, खाल्ले काय नि न खाल्ले काय. सगळ्या हसल्या, रत्नमालाही हसली. पण तिला त्या पाच सामन्यांएवढं मोलाचं दुसरं काहीच नव्हतं. श्रावण-भादव्यात आई वस्तीवर असते. डिसेंबरात ती पुन्हा नसणार. आई येणार तर याच पाच सामन्यांत.

आई येण्याची एक भीतीही होती. रत्नमाला शहराबाहेर शेंद्र्याला एका कारखान्यात पॅकिंगला होती आणि तिथंच पत्र्याच्या खोलीत एकटी राहायची. सराव संपला की बाकीच्या पोरी घोळक्यानं पोहे खायला जायच्या. पहिल्या वर्षी तिलाही बोलवायच्या, पण तिची शिफ्ट असायची. मग हळूहळू विचारायचं राहून गेलं. कुणी मुद्दाम केलं नाही, म्हणून कुणावर रागावायचीही सोय नव्हती. फोनवर मात्र ती आईला सांगायची, इथं लई मैत्रिणी हायेत, आमी समद्या एका ताटात जेवतो.

पहिल्या सामन्याला वस्तीवर लोकर कातरणी निघाली. दुसऱ्याला कोकरांना हगवण लागली. तिसऱ्याला पोळा आला. चौथ्याला बानाबाई खरंच निघाली, पण बाजारच्या गर्दीनं गच्च भरलेली एसटी पाचोडला थांबलीच नाही. त्या दिवशी रत्नमाला सामना जिंकूनही खोलीवर येऊन रडली.

पाचव्या सामन्याला वडील, मल्हारराव, म्हणाले की मेंढरं मी बघतो, तू पहाटेचीच गाडी धर. बानाबाई आली ती पंचवीस भाकरींचं गाठोडं घेऊनच. एका ताटात जेवणाऱ्या पोरींना पुरायला नकोत का? ती मैदानाच्या कडेला पदर खोचून बसली आणि डोळे बारीक करून खेळ बघू लागली.

नेमका समोर शाळकरी मुलींचा संघ. खेळ सगळा त्यांच्याच गोलपाशी, आणि इकडं रत्नमाला भगव्या जर्सीत एकटी उभी. बाकी दहा जणी निळ्या. चेंडूनं तिच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. एक तरी येऊ दे, असं ती मनात घोकत होती. इतक्या लांबून आलेल्या आईला काय दाखवावं?

पहिला हाफ संपला आणि बानाबाई तडक प्रशिक्षक संघपाल सरांपुढं जाऊन उभी राहिली.

"साहेब, माझ्या पोरीला रंग लावून वायली कामून काढली?"

मेंढरांत जी आजारी असते किंवा जी विकायची असते, तिच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढून तिला कळपातून बाजूला काढतात. बानाबाईनं जन्मभर तेच केलेलं. पोरी खो खो हसल्या. रत्नमालाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. संघपाल सरांनी शांतपणे समजावलं की मावशी, गोलकीपरचा रंग वेगळाच असतो, पंचाला ओळखू यावं म्हणून. बानाबाईनं मान डोलावली. मग लेकीपाशी येऊन खालच्या आवाजात म्हणाली, "रंगाचं कळलं. पर आता तं खेळ बंद हाये. समद्या तिथं घोळका करून पाणी पितेत. तू इथं का?"

रत्नमाला बाटलीचं झाकण लावत राहिली, काढत राहिली. एका ताटातलं ते जेवण खोटं होतं, हे आईनं त्या क्षणी ओळखलं.

दुसऱ्या हाफला बानाबाई गोलच्या जाळीमागं जाऊन उभी राहिली. पंच तिला हटवायला निघाला, पण संघपाल सर म्हणाले, राहू द्या, तसाही हा हंगाम कुणी मोजणार नाही. आणि बानाबाई बोलू लागली, मेंढरं राखताना बोलते तशी, संथ, कुणी ऐको न ऐको. काळ्या मेंढीला जुळं झालं. तुझ्या बापाचा गुडघा दुखतो. तू लई वाळलीस. रत्नमाला डोळे पुढं आणि कान मागं ठेवून उभी होती. शेवटी एक चेंडू आला, तिनं सूर मारून अडवला. मागून एवढंच आलं, "व्हय, माझी बाय." सहा वर्षांत गोलमध्ये ती पहिल्यांदा एकटी नव्हती, आणि सामना संपूच नये असं तिला वाटलं.

सामना संपला तशा पोरी भुर्रकन पांगल्या. गाठोडं तसंच राहिलं. स्टँडवर एसटीत चढताना बानाबाईनं ते लेकीच्या हातात दिलं. म्हणाली, "डिसेंबरात मी नसंन. पाणी प्यायला तरी कळपात जाय."

डिसेंबरात नवा, मोजला जाणारा हंगाम सुरू झाला. पहिल्याच सामन्यात मध्यंतराला रत्नमाला बाटली घेऊन उठली आणि त्या घोळक्यात जाऊन बसली. आदल्या दिवशी कुणाच्या तरी घरी काय गंमत झाली ते चाललं होतं. जागा करायला दोघी जरा सरकल्या. बोलणं तिच्यावाचून तसंच पुढं गेलं.

संध्याकाळी खानदेशातून आईचा फोन आला. कुठं बसलीस, तिनं विचारलं.

"समद्यांत," रत्नमाला म्हणाली. या वेळी ते खरं होतं.

"मंग? बोललं का कुणी?"

आईमागं कोकरं ओरडत होती, एकेक वेगळं, स्वच्छ ऐकू येत होतं.

"हॅलो? आई, रेंज नाय गं," रत्नमाला म्हणाली. "काहीच ऐकू येत नाय."