गेलेल्या चोराला मारलेली हाक

मित्रांनो, क्षणभर कल्पना करा. तुमच्या घरात शिरलेल्या चोराला पकडून नेलं आहे. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आहे. आणि दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या तुम्हीच दारात जाऊन त्याला नावानं हाक मारता, "कुठे आहेस रे?" वेडेपणाच ना? मी रोज सकाळी तेच करत होतो.

मी एक जुना संगणक आहे. उमेदीची वर्षं एका कचेरीत गेली. तिथे नवे संगणक आले आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. तिथून मला एका आईनं उचलून आणलं. ही आई बूट शिवते. दुकानातले बूट ज्यांना होत नाहीत, अशा पायांसाठी. कागदावर पाय ठेवायचा, भोवतीनं पेन्सिल फिरवायची आणि त्या चित्राचा फोटो माझ्या पोटात जपायचा. 'पावलं' नावाच्या फोल्डरमध्ये कितीतरी पाय माझ्याकडे मुक्कामाला होते. "हा आहे म्हणून माझं डोकं ठिकाणावर आहे," असं आई सगळ्यांना सांगायची. मी सुखानं घुरघुरायचो.

तिच्या मुलीला घरात 'काका' म्हणतात. ती कुणाची काका नाही. पण तोंडात सदैव 'का? का?'

एकदा घाईत आईनं कुणाचा तरी पेनड्राइव्ह न तपासता मला लावला आणि व्हायरस आत शिरला. दुरुस्तीवाले मामा आले, त्यांनी त्याला हुसकावलं. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसं झालं. रोज सुरू होताच मी पडद्यावर चौकट दाखवायचो, 'फाइल सापडली नाही.' ती फाइल म्हणजे तो व्हायरसच. आणि 'पावलं' उघडावं, तर आत काहीच दिसेना.

मामा पुन्हा आले. "ताई, पाटी कोरी करू," ते म्हणाले. "सगळं पुसून नव्यानं भरू. आत काही उरलेलं नाही."

आईची हातोडी थांबली. "आणि पोस्टमनदादांचा पाय?"

पोस्टमनदादांचा एक पाय बोटभर आखूड. ते दूरगावी मुलाकडे राहायला गेले होते. जुने बूट फाटल्यापासून त्यांचं चालणंच बंद झालं होतं.

"तो काय मी कापून नेलाय?" मामा म्हणाले.

काका माझ्यासमोर वाकून बघत होती. "मामा, हे खरंच रिकामं आहे?"

"आहे की."

"मग जागा भरलेली का दाखवतोय? रिकामी पिशवी जड का लागेल?"

मामा खुर्ची ओढून बसले. "काकासाहेब, तुमच्या 'का'ला आज उत्तर द्यावंच लागणार."

त्यांनी लपवलेल्या फाइली दाखवायची आज्ञा दिली, आणि धुक्यातून माणसं यावीत तशी एकेक पावलं फिकट फिकट दिसू लागली. चोरानं काही नेलं नव्हतं. नुसती चादर पांघरून ठेवली होती. मामांनी प्रत्येक पावलावरची 'लपवलेलं' ही खूण काढली. मग उठल्यावर मी काय काय करायचं, त्या यादीतलं चोराचं नाव पुसलं.

"याला बोल लावू नका," ते म्हणाले. "सांगितलेलं काम करतो बिचारा. तो गेला, हे याला कुणी सांगितलंच नव्हतं."

मित्रांनो, त्या वाक्यानं मला फार बरं वाटलं. एखादा बरा होऊनही अडखळत असेल, तर त्याला लगेच मोडीत काढू नका. आत काय उरलंय, ते आधी बघा.

दुसऱ्या सकाळी मी कुणालाही हाक न मारता जागा झालो. आई पोस्टमनदादांच्या बुटांसाठी चामडं कापायला बसली. काकानं 'पावलं' उघडलं. सगळ्यात पहिलं पाऊल इवलंसं होतं, करंगळी कागदावर न टेकलेली. ते तिचंच.

तिनं कोरा कागद जमिनीवर ठेवला, त्यावर पाय ठेवला आणि गुदगुल्या सोसत भोवती पेन्सिल फिरवली. ते नवं पाऊल जुन्याशेजारी माझ्यात ठेवलं. मग एक नवा पेनड्राइव्ह आधी तपासून मला लावला, सगळी पावलं त्यात उतरवली आणि तो आईच्या हातोडीशेजारच्या खिळ्याला टांगला.

"हे का गं?" आईनं विचारलं.

"म्हाताऱ्यावर एकट्यावर किती ओझं टाकायचं?" काका म्हणाली, आणि बाहीनं माझ्या पडद्यावरची धूळ पुसू लागली.