धुतलं की येतं

मुकादमाने सख्ख्या चुलत्याच्या मुस्काटात मारली ती भर कामाच्या वेळी, लाँड्रीतल्या अकरा बायकांच्या देखत. चुलत्याचा चष्मा उडाला आणि उकळत्या हौदात पडला. आक्काच्या हातात तेव्हा दवाखान्याची ओली चादर होती. तिने ती पिळून दोरखंडासारखी केली आणि पोटच्या पोराच्या पाठीत सणसणीत हाणली. ओल्या चादरीचा मार काय असतो ते खाल्लेल्यालाच विचारावं. सदतीस वर्षांचा, दारातून तिरका होऊन आत शिरणारा गडी, पण कळवळला.

"आई, तू मध्ये पडू नकोस," तो पाठ चोळत म्हणाला. "याला समजाव. पुन्हा कारखान्यात पाय ठेवला तर तंगडं मोडून हातात देईन याच्या."

झालं होतं ते असं. लाँड्रीच्या वरच्या अंगाला रंगाचा कारखाना होता. त्याचं घाण पाणी टँकरने लांब नेऊन टाकायचं काम मुकादमाकडे होतं, आणि मुकादम ते लांब न नेता पहाटे ओढ्यात सोडत होता. त्याच ओढ्याचं पाणी लाँड्रीच्या हौदांत यायचं. बायकांच्या बोटांची सालं निघत होती, चादरींवर गुलाबी ढग उमटत होते. पाण्याची चावी सांभाळायचा तो आक्काचा धाकटा दीर, म्हणजेच मुकादमाचा हा चुलता. त्या सकाळी त्याने लालभडक पाण्याची बादली भरली, कारखान्यात नेली आणि साहेबाच्या टेबलावर, कागदपत्रांवर, चहाच्या कपावर उपडी केली. आयुष्यभर कुणाला 'अरे' न म्हटलेला माणूस! पण मुंगीलासुद्धा डिवचलं की ती चावतेच.

ही सगळी हवा फोटोवालीने भरली, असं मुकादमाचं म्हणणं. फोटोवालीला कुठल्याशा संस्थेने तीन महिने राहून काम करायला लाँड्रीमागचं बंद गोदाम दिलं होतं. इथला ओढा, इथलं गवत, इथली माणसं यांच्यातूनच चित्रं करायची, अशी अट होती म्हणे. ती रोज कापडाची एक पट्टी ओढ्यात बुडवायची, तारीख लिहायची आणि गोदामात टांगायची. करड्या, जांभळ्या, लाल अशा साठ-सत्तर पट्ट्या झाल्या होत्या. महिनाअखेरीस त्या शहरात लोकांना दाखवायच्या होत्या. बायका पहिल्यांदा तोंडाला हात लावून हसल्या होत्या. "आपण जन्मभर डाग काढतो, आणि ही बया पगार घेऊन डाग पाडायला आलीय!" पण आता त्या पट्ट्या पाहून हसू कुणाला येत नव्हतं, आणि मुकादमाला तर मुळीच नाही. त्या पट्ट्यांवर त्याच्याच टँकरच्या तारखा होत्या.

कॅमेऱ्याशिवाय फोटो काढायची तिची एक रीत होती, ती मात्र बायकांना भारी आवडली. कसलंसं पिवळसर औषध अंधारात कापडाला लावायचं. मग त्यावर पान ठेवा, हात ठेवा, काहीही ठेवा आणि वीस मिनिटं उन्हात राहू द्या. ऊन लागेल तिथे निळं, झाकलेलं राहील तिथे पांढरं.

"पण लगेच पाण्यात घालायचं," फोटोवालीने बजावलं होतं. "तसंच उन्हात राहिलं तर पांढरंही निळं होतं. सगळं एकसारखं. चित्र गेलं समजा."

आक्काने हात ठेवला होता. उचलला तेव्हा कापडावर धड काही दिसत नव्हतं, नुसता मळकट पिवळा ठसा. हौदात बुडवलं, हलवलं, आणि गडद निळ्यात तिचा पंजा पांढराशुभ्र वर आला, वाकडी करंगळीसुद्धा.

"म्हणजे हे धुतलं की येतं?"

"हो आक्का. धुतलं की येतं."

"जन्म गेला माझा, धुतलं की जातं एवढंच ठाऊक होतं," आक्का म्हणाली आणि कितीतरी वेळ तो पंजा बघत बसली.

इस्त्रीवालीला मात्र स्थिर बसवेना. तिने हसून बोटं हलवली, तर धुतल्यावर बोटांच्या जागी नुसता धूर. दीर म्हणाला, "हिचा हात संसारातपण असाच चालतो, भांडी तेवढी फुटतात." त्यावर तिने त्याला ओला टॉवेल फेकून मारला होता.

हा दीर म्हणजे आक्काचं पहिलं मूलच म्हणायचं. ती लग्न होऊन आली तेव्हा तो चार वर्षांचा होता, आईवेगळा. तिच्या कडेवर वाढला. मुकादम जन्मला तेव्हा तो सात वर्षांचा, आणि दिवसभर पुतण्याला पाठुंगळी घेऊन हौदांच्या कडेने फिरायचा. पोहायला त्यानेच शिकवलं त्याला. पुढे नवरा गेला, पण दोन पोरं आहेत माझी, असंच ती सांगायची. त्याच दोघांत आता असं जुंपलं होतं, आणि चादरीचा तो फटका मारल्यापासून तिला धड झोप नव्हती.

मोठा फोटो करायचा दिवस ठरला. पलंगाच्या चार चादरी जोडून एक भलंमोठं कापड शिवलं, औषध लावून वाळवणाच्या मैदानात अंथरलं आणि वर काळं प्लॅस्टिक घातलं. अकरा वाजता सगळ्या बायकांनी त्यावर आडवं व्हायचं होतं, भोवती ओढ्याचं गवत. धुवायला दिराने पहाटेच, टँकर यायच्या आत, एक हौद स्वच्छ पाण्याने भरून चावी बंद केली होती. "वहिनी, या पाण्याला कुणी हात लावायचा नाही," तो म्हणाला. "हे आपल्या फोटोचं." फोटोवाली गवत आणायला ओढ्यावर गेली. तो कापडापाशी राखण बसला. आक्का बायकांना घेऊन शेवटचा घाणा पिळून काढायला आत गेली.

पिळायचं यंत्र चालू असलं की शेजारचा खोकलेला ऐकू येत नाही. एक घाणा वीस मिनिटांचा.

यंत्र थांबलं तेव्हा बाहेरून फोटोवालीची किंकाळी आली. आक्का धावली. मुकादमाने त्या पोरीचे केस मुठीत धरले होते आणि तिचं डोकं दोरीच्या खांबावर आपटत होता. "फोटो काढलास? बोल! काढलास फोटो?" तिच्या गळ्यातला कॅमेरा त्याने हिसकला, पट्टा तुटेपर्यंत ओढला आणि दगडावर आपटून आपटून त्याचा चुरा केला. पोरीच्या नाकातून रक्ताची धार लागली होती.

त्यांच्या पलीकडे टँकरवरची दोन माणसं काहीतरी उचलत होती. ते काहीतरी म्हणजे तिचा दीर होता.

"खाली ठेवा त्याला," आक्का म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की त्या दोघांनी घाबरून खरंच त्याला कापडाशेजारी मातीत ठेवला. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मागची बाजू हाताला मऊ लागली. चिखलात हात घातल्यासारखी. तोंड उघडं होतं, एक डोळा सुजून बंद, जबडा एका बाजूला सरकलेला. ती त्याला चार वर्षांच्या पोराला हलवावं तसं हलवत राहिली. तो गेला होता.

काळं प्लॅस्टिक झटापटीत बाजूला ओढलं गेलं होतं आणि कापडाच्या मधोमध रक्ताचं डबकं होतं. ते उघडं बघवेना म्हणून तिने प्लॅस्टिक ओढून सगळं झाकलं. तेव्हा तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. मेलेल्यावर पांघरूण घालतात तसं तिने घातलं.

मुकादम धापा टाकत तिच्याजवळ आला. "पाय घसरला त्याचा, आई. हौदाच्या कठड्यावरून डोक्यावर पडला. ही दोघं आणि मी आत्ता येतोय टँकर लावून, बघतो तर हा असा. पोलीस येतीलच. तेवढं ते कापड धुऊन टाक. रक्ताचा ठिपका राहता कामा नये."

फोटोवालीने तोंड उघडलं. "धुऊन? पण ते धुतलं तर—"

आक्काने उठून तिच्या कानाखाली अशी वाजवली की ती गुडघ्यावर बसली. "तू गप्प बस!" आक्का ओरडली. "एक शब्द बोललीस तर याद राख!"

मुकादमाला बरं वाटलं. आई आपल्या बाजूने आहे, असा त्याचा समज झाला. खरं सांगायचं तर आक्कालाही त्या क्षणी ठाऊक नव्हतं ती कुणाच्या बाजूने आहे. एवढंच ठाऊक होतं की प्लॅस्टिकखाली काय आहे ते तिला आणि त्या पोरीला कळलंय, पोराला नाही. प्लॅस्टिक काढून नुसतं वीस मिनिटं थांबलं की झालं. ऊन सगळं निळं करून टाकेल, पांढरं काही उरणार नाही, आणि एक पोरगा तरी तिच्यापाशी राहील. रक्त काय, रक्ताला तिच्याकडे दहा उपाय होते. धुवायचं की उन्हात सोडायचं, एवढंच तिच्या हातात होतं.

"खरं सांग," ती म्हणाली. "आईला सांग. तू होतास तिथे?"

"नव्हतो, म्हणतोय ना!"

"तो काही बोलला? पाणी मागितलं?"

"कसलं पाणी! पडला तो जागच्या जागी गेला. हललासुद्धा नाही. त्याला काही कळलंच नाही, आई. तुझी शपथ."

आईची शपथ. तो नऊ वर्षांचा असताना त्याने काकाचं घड्याळ विहिरीत टाकलं होतं आणि हीच शपथ घेतली होती. तेव्हा 'मीच हरवलं' म्हणत याच काकाने मार खाल्ला होता त्याच्याऐवजी. आक्काला ते आठवलं. तिने प्लॅस्टिकसकट कापड गुंडाळलं, पोटाशी धरून दिराने भरलेल्या हौदापाशी नेलं, आणि प्लॅस्टिक सोडवून कापड पाण्यात लोटलं.

आधी रक्त निघालं. मग पिवळं निघालं. बायका एकेक करून हौदाभोवती जमल्या होत्या. आक्का दोन्ही हातांनी कापड दाबत होती, फिरवत होती, जन्मभर केलं तेच करत होती. आणि निळं चढू लागलं.

मधोमध तो होता. कुशीवर, पाय दुमडून, पांढरा. लहानपणी झोपायचा तसाच. त्याच्याजवळ लाँड्रीतली लांब दांड्याची आकडी, गरम चादरी ओढायची, एक दात मोडलेली. सकाळपासून भिंतीवर नव्हती ती. आणि डोक्याशी दोन बूट. शेजारी शेजारी, टाचा जुळलेल्या, कडा सुरीने कापल्यासारख्या स्पष्ट. वीस मिनिटं जो जागचा हलला नव्हता त्याचे बूट.

सगळं असं रेखीव होतं. फक्त त्याचा उजवा हात नव्हता. खांद्यापासून पुढे हाताच्या जागी पंख्यासारखा धूर होता, बुटांच्या दिशेने पसरलेला.

इस्त्रीवालीने तो धूर ओळखला आणि तोंडात पदर कोंबला. आक्कानेही ओळखला. तो हलत होता. वीस मिनिटं हात हलवत होता, आणि वीस पावलांवर ती चादरी पिळत होती.

मुकादमाने कापडाकडे पाहिलं, आणि मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं. अकरा बायकांनी त्याला पायांकडे बघताना पाहिलं.

तो हौदावर तुटून पडला. कापडाचं टोक धरून त्याने ओढलं, पण भिजलेलं कापड सहजी फाटत नाही, आणि चार चादरींचं तर नाहीच. दुसऱ्या टोकाला आक्का होती. त्याने तिच्या तोंडावर ठोसा मारला. तिचा दात तुटला, तिने तो थुंकला आणि कापड सोडलं नाही. त्याने पुन्हा मारलं. इस्त्रीवालीने कापडाची एक कड धरली, फोटोवालीने रक्ताळलेल्या हातांनी दुसरी, मग एकेक करून साऱ्याजणींनी. कुणीतरी उकळत्या पाण्याचं तपेलं त्याच्या पायांवर रिकामं केलं. तो ओरडत खाली बसला, आणि टँकरवरची दोन माणसं त्याला तिथेच टाकून पळाली. त्याच्या बुटांतून वाफ निघत होती.

बायकांनी कापड पिळलं आणि मैदानातल्या सगळ्यात उंच दोरीवर ताणून घातलं. वाऱ्याने ते फुगत होतं. आक्का त्याखाली दिराचं डोकं पुन्हा मांडीवर घेऊन बसली. सुजलेल्या ओठांतून रक्त हनुवटीवर ओघळत होतं, ते तिने पुसलं नाही.

पोलीस आले. अधिकारी कितीतरी वेळ मान वर करून बघत राहिला. त्याने आधी बुटांकडे बोट दाखवलं. "हा कोण, बाई?"

"माझा मुलगा," आक्का म्हणाली. "तो बघा, तिथे बसलाय. घेऊन जा."

"आणि हा पडलेला?"

आक्काने मांडीवरच्या डोक्यावरून हात फिरवला.

"तोही माझाच," ती म्हणाली. "हाक मारत होता. मला ऐकू आलं नाही."