गवत शिकवणारं कॉलेज

“मेंढरांमागं फिरायला कॉलेज लागतंय व्हय?” त्रिंबकचा आवाज चढला, तशा उस्मानपुऱ्यातल्या त्या क्लासच्या बाकड्यांवर बसलेल्या पालकांनी माना वळवल्या.

“फिरायला नाय, आप्पा,” प्रांजली हळूच म्हणाली. “गवत, माळरानं, जनावरं, सगळ्याचा अभ्यास हाय. पंचवीसच पोरं घेतात, मुलाखत घेऊन. मला घेतलं होतं ना त्यांनी!”

“आन् तू नाय म्हणून कळवलंस. विषय मिटला.” प्रांजलीने मान खाली घातली.

कळवायला त्यानेच लावलं होतं. काल पोरीसमोर उभं राहून. त्रिंबकच्या बापाचा जन्म मेंढरांमागे माळ तुडवण्यात गेला. त्रिंबकने फुलंब्रीकडचं गाव सोडलं, चिकलठाण्याच्या कंपनीत मशीनवर उभा राहिला, तो पोरीच्या अंगाला लोकरीचा वास लागू नये म्हणूनच. आणि हिने शोधून शोधून हे कॉलेज काढलं! आज तो तिची इंजिनिअरिंगची शाखा ठरवायला इथं आला होता.

आत क्लासच्या ऋतुराज सरांनी वेळ घालवला नाही. “कॉम्प्युटर घेऊन टाका. मोठं कॉलेज आहे, हजारो मुलं आहेत. डोळे झाकून घ्या.”

“ही दुसरंच काहीतरी म्हणत होती,” त्रिंबक बोलून गेला.

सरांनी विचारलं तशी प्रांजली खुलली. आजोबांच्या कळपाबरोबर काढलेल्या सुट्ट्या, एका माळावर गवत पुन्हा येतं आणि शेजारच्यावर का येत नाही, हे सगळं ती भरभरून सांगू लागली. सर हसले.

“पंचवीस मुलांचं कॉलेज? ती तर शिकवणी झाली!” मग त्रिंबककडे वळून म्हणाले, “तुमचा तरी काय दोष म्हणा. मेंढरं रक्तातच असतात. कितीही शिकवा, पाय तिकडंच वळणार.”

त्रिंबकची कानशिलं तापली. असलं त्याने कंपनीत पुष्कळ ऐकलं होतं, गिळलंही होतं. पण हे तर त्याचंच मघाचं वाक्य होतं, फक्त इस्त्री केलेलं. पोर मान खाली घालून बसली होती, मघासारखीच.

तो ताडकन उठला. “रक्ताचं नाव काढायचं नाय, सर! माझ्या पोरीनं स्वतः निवडलंय ते कॉलेज. तिथं उठसूट कुणालाबी घेत नायत.”

“अहो, मी गमतीनं...”

“तुमची गंमत तुमच्यापाशीच ठेवा. ऊठ गं, प्रांजली.”

बाहेर ऊन पेटलं होतं. “लाव त्या कॉलेजला फोन,” तो म्हणाला आणि तिच्या हातून मोबाईल घेतला. “मॅडम, मी प्रांजलीचा बाप बोलतोय. काल नाय म्हणाली, ती तिच्या मनानं नाय. मी म्हणायला लावलं.”

पलीकडची बाई समजुतीने बोलली. पण जागा सकाळीच दुसऱ्या मुलाला दिली होती. पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत द्यावी लागेल.

त्याने मोबाईल परत दिला. “पुढच्या वर्षी जा. मी स्वतः सोडायला येतो.”

“पुढच्या वर्षी तुम्ही काय म्हणाल, आप्पा?”

त्याला पुन्हा संताप आला. तोंडही उघडलं, पण ओरडायचं कुणावर, ते कळेना. त्याने किक मारली. दोनदा गाडी चालू झाली नाही. तिसऱ्यांदा झाली.

एरवी ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसायची. आज मधे बॅग ठेवून, मागची कडी धरून बसली.